नालबंदाच्या हाताखाली

तिचे पुढचे दोन दात नाहीत. हसली की मधून जीभ दिसते. पागेत नवा आलेला मोतद्दार हमखास विचारतो, "वहिनी, घोड्यानं पाडले का?" ती म्हणते, "एक घोड्यानं, एक माणसानं. त्यातल्या घोड्यानं मुद्दाम नव्हता पाडला."

पागा मोठी होती. गाडीला जुंपायचे, स्वारी शिकवायचे, मिरवणुकीला भाड्यानं द्यायचे, सगळ्या तऱ्हेचे घोडे तिथं होते. तिचा नवरा तिथला मोतद्दार. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, लीद काढणं हे त्याचं काम. एका बिथरलेल्या घोडीनं त्याला भिंतीवर दाबला आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. पाय राहिला, पण तो आता वळत नाही. मालकांनी त्याला फाटकावर खुर्ची दिली आणि तिला झुली धुवायच्या कामावर घेतलं. घोड्यांच्या घामानं कडक झालेल्या त्या जाड झुली आपटून आपटून तिचे खांदे लोखंडासारखे झाले होते.

पागेचा नालबंद, म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा, याला सगळे उस्ताद म्हणत. रुंद छातीचा, बुटका, तोंडाचा फाटका आणि हाताचा त्याहून. त्याच्या हाताखाली कुणी टिकत नसे. एकाचा कान त्यानं पिरगाळून मुळापासून फाडला होता. दुसरा भर दुपारी हातातली कानस टाकून मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला तो पगार घ्यायलासुद्धा परत आला नाही. पण कामाला उस्तादासारखा हात दुसरा नव्हता, म्हणून मालक काणाडोळा करत.

मग उस्तादाची पाठ गेली. घोड्याचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला की त्याला परत सरळ होता येईना. त्यानं मुकादमाला बोलावलं. "माणूस दे. डोकं नको, डोकं माझ्याकडे आहे. मला पाठ हवी."

मुकादम म्हणाला, "तुझ्याकडे यायला आता कोण उरलंय? वेड्यांच्या इस्पितळात विचारू का?"

ती शेजारीच झुली वाळत घालत होती. म्हणाली, "माझी पाठ चालेल?"

उस्तादानं तिला बैल बघावा तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाईची?"

"पाठीत काय बाई आणि पुरुष असतं, उस्ताद?"

मुकादम हसला. उस्ताद हसला नाही. "उद्या सकाळी ये. हे लुगडं नेसून येऊ नकोस, पायात अडकून मरशील."

घरी नवरा जेवता जेवता थांबला. "अगं, तो मारतो."

"तुमचे घोडे मारत नव्हते?"

"घोडा आधी कान मागे टाकतो. सांगून मारतो. हा सांगत नाही."

तरी त्यानंच आपली जुनी विजार काढून दिली आणि कमरेला बांधायला दोरीही शोधली.

पहिल्याच सकाळी समोर एक थोराड घोडी होती. जपून राहावं म्हणून ती हातभर लांब उभी राहिली आणि वाकून मागच्या पायाला हात घातला. तिला पुढचं एवढंच आठवतं की आभाळ दिसलं, मग पाण्याची बादली, मग चिखल. मांडीवर लाथ बसली होती. मांस आतून फुटल्यासारखं झालं. उस्तादानं तिला उठवलं नाही. बुटाच्या टोकानं ढोसलं.

"ऊठ. लांब का उभी होतीस?"

"लाथ लागू नये म्हणून."

"म्हणूनच लागली. लाथेला धावायला जागा दिलीस तू. घोड्याच्या अंगाला अंग लावून उभी राहा, डिंकासारखी. लाथ सुटली तरी नुसता धक्का बसतो. लांबच्याला ती मारून टाकते. कळलं?" आणि कळलं की नाही हे बघायला त्यानं हातोडीच्या दांड्याचा एक तडाखा तिच्या दुसऱ्या मांडीवर दिला. "आता दोन्हीकडे सारखं दुखेल. जा तिच्याजवळ."

ती गेली. लंगडत गेली आणि घोडीच्या कुशीला खांदा लावून पाय उचलला.

असं तिचं शिक्षण सुरू झालं. खूर कसा साफ करायचा, वाढलेलं शिंग, म्हणजे खुराचं कडक कवच, सुरीनं कुठवर तासायचं, कानस कशी फिरवायची. खुराच्या तळाशी एक पांढरट रेघ असते. रेघेच्या बाहेरचं शिंग मेलेलं, आपल्या नखासारखं. आतलं जिवंत. खिळा नेहमी बाहेरच्या बाहेर जायला हवा. आत गेला तर घोड्याच्या जिव्हारी लागतो. हे उस्तादानं तिला कधी समजावून सांगितलं नाही. तिची करंगळी धरून नख आणि मांस यांच्यामध्ये खिळ्याचं टोक टेकवलं आणि हळूच दाबलं. ती किंचाळली. "ही रेघ," तो म्हणाला. ती रेघ ती आयुष्यात विसरली नाही.

एकदा तिनं भट्टीतून काढून ठेवलेली नाल उचलली. लाल नव्हती, म्हणून थंड असेल असं वाटलं. तळहाताची कातडी नालेला चिकटून राहिली. उस्तादानं तिचं मनगट पकडून हात पाण्यात बुडवला आणि ती धडपडत होती तरी सोडला नाही. आग शमेपर्यंत तसाच धरून ठेवला. "लाल दिसते ती नाल इमानदार," तो म्हणाला. "काळी पडली की फसवते." मग त्याच हातानं तिच्या पाठीत गुद्दा घातला.

सगळ्यात अवघड होता तो आवाज. खिळा कडक शिंगातून जाताना टणटण वाजतो. जिवंत भागाकडे वळला की आवाज मुका होतो. उस्ताद तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायचा, स्वतः खिळा ठोकायचा आणि विचारायचा, "सांग, कुठं चाललाय?" उत्तर चुकलं की पाठीत दांडा. पाठ काळीनिळी झाली तेव्हा कान तयार झाला. पुढं पुढं ती भट्टीच्या आवाजातही, मुकादम शिव्या देत असतानाही, पागेच्या दुसऱ्या टोकाचा खिळा ओळखू लागली.

तिचा पहिला दात याच सुमारास गेला. पागेत तांबडा नावाचा एक उंच घोडा होता, तापट पण मनाचा साफ. ती त्याचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून उभी होती. कुठं तरी पत्रा वाजला, त्यानं मान झटकली आणि कपाळाचं हाड तिच्या तोंडावर आदळलं. दात मातीत पडला. ती रडली नाही. तांबडाच घाबरून थरथरत होता, त्याच्या मानेवर थोपटत राहिली.

एके दिवशी नाल उलटी धरली म्हणून उस्तादानं दांडा उगारला. तिला विचार करायला वेळ नव्हता. तिचं अंग आपोआप पुढं सरकलं, मागं नाही. ती त्याच्या छातीलाच जाऊन चिकटली आणि दांडा तिच्या खांद्यावरून घसरून नुसता लटकला. दोघं नाकाला नाक लावून उभे. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. त्याला आधी काय झालं तेच कळलं नाही, मग तो मोठमोठ्यानं हसला. "मलाच घोडा केलंस की!" त्या दिवशी त्यानं तिच्या हातात पहिल्यांदा हातोडी दिली आणि खिळा ठोकू दिला.

नंतर बराच काळ बरा गेला. शिव्या होत्या, पण दांडा थांबला होता.

पण उस्तादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. हातालाही कंप होता. तो हे कुणाला कळू देत नव्हता. खिळा आधी बोटानं चाचपायचा आणि मग जोरात शिवी हासडून ठोकायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की गडी रंगात आहे. तिला दिसत होतं. एकदा मालक नवी घोडी दाखवायला पाहुणे घेऊन आले होते, मुकादमही होता. उस्तादानं ऐटीत पाय हातात घेतला आणि ठोकायला लागला. आवाज मुका आला.

ती म्हणाली, "उस्ताद, खिळा तिरका गेला."

तिनं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्यानंच तर शिकवलं होतं. पण मालकांसमोर, पाहुण्यांसमोर, झुली धुणाऱ्या बाईनं म्हटलं होतं. उस्तादानं हातातली पक्कड आडवी फिरवली, ती थेट तिच्या ओठावर बसली. या वेळी ती जवळ सरकली नाही, कारण असं काही होईल असं तिला वाटलंच नव्हतं. ती गुडघ्यांवर पडली. तोंडातून रक्ताबरोबर दात आला. तिनं हाताला लागलेली नाल उचलून त्याच्यावर फेकली. ती त्याच्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळली. घोडी बिथरली, पाहुणे पळाले. मालक म्हणाले, "काय हा तमाशा!" आणि पाहुण्यांच्या मागून निघून गेले. उस्तादानं तो खिळा गुपचूप उपटला, नवा मारला. तिला म्हणाला, "हत्यारं गोळा कर." तिनं तोंडात फडकं कोंबून हत्यारं गोळा केली.

नवरा काठी घेऊन निघाला होता. ती दारात आडवी आली. "तुमचा एक पाय आधीच गेलाय. राहिलेला कशाला घालवता?"

"मग तू सोड ते काम."

"अजून थोडं राहिलंय शिकायचं." बोलताना तिच्या ओठातून रक्त ठिबकत होतं. "हात शिकून घेते. तोंड उघडायचं नाही, एवढं आज कळलं."

आणि ती खरंच गप्प झाली. उस्ताद म्हणेल ते धरायचं, म्हणेल ते सोडायचं. पागेतल्या सगळ्यांना वाटलं, बाई वठणीवर आली. उस्तादालाही तेच वाटलं असावं.

तांबड्याची नाल बदलायचा दिवस आला. मागचा पाय तिच्या मांडीवर होता, उस्ताद ठोकत होता. टण, टण, आणि मग तो आवाज. मुका. ओल्या लाकडात जावा तसा. तांबड्याच्या कातडीवरून शिरशिरी गेली. तिनं मान वर केली. उस्तादाचा हात थांबला होता. त्यानंही ऐकलं होतं. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिनं एक शब्द बोलायचा होता, किंवा त्यानं. कुणीच बोललं नाही. त्यानं आणखी एक घाव घातला, खिळ्याचं टोक मोडून वळवलं, कानस फिरवली आणि म्हणाला, "सोड."

दुसऱ्या दिवशी तांबडा पाय जपून टाकू लागला. मुकादम म्हणाला, "गारठ्यानं आखडला असेल." आणखी एक-दोन दिवसांनी तो पाय टेकवेना, दाणा खाईना. तेव्हा मुकादम उस्तादावर खेकसला, "बघ की एकदा! घोडा माझ्या अंगावर टाकून मोकळा होतोस काय?"

उस्तादानं तिला कोळसा आणायला पाठवलं. तिच्यासमोर तो खिळा काढायचा नव्हता त्याला. तांबड्याला आखूड बांधला आणि स्वतः मागच्या पायाशी वाकला. पण त्या पाठीला घोड्याच्या अंगाशी चिकटता येईना. तो हातभर लांब राहूनच ओणवा झाला, आणि दुखरी जागा कुठली ते बघायला हातोडीनं एकेक खिळा ठोकत गेला.

ती कोळशाचं घमेलं घेऊन परत येत होती. भिजलेलं पोतं भिंतीवर आपटावं तसा आवाज झाला. मग दुसरा. घमेलं टाकून ती धावली. उस्ताद ऐरणीपाशी पडला होता. लाथ छातीत बसली होती, बरगड्या आत गेल्या होत्या. पडताना डोकं ऐरणीच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. त्याच्या तोंडावर रक्ताचे बुडबुडे येत होते. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उजव्या हाताची बोटं हातोडी पकडावी तशी मिटत होती, उघडत होती. घोड्यांचा डॉक्टर पागेतच होता, तो धावत आला. माणसांचा डॉक्टर यायच्या आत बोटं थांबली.

मग सगळे तांबड्यावर तुटून पडले. मोतद्दारांनी बांबू घेतले, एकानं साखळी. ज्यांना उस्तादानं आयुष्यभर बडवलं, तेच त्याच्यासाठी पेटून उठले होते. घोडा आखूड बांधलेला, त्याला मागं सरता येईना. साखळी त्याच्या डोळ्यावर बसली आणि डोळ्याच्या जागी लाल चिखल झाला. तो माणसासारखा ओरडला. मुकादम लोखंडी सळई घेऊन पाय मोडायला निघाला होता.

ती मध्ये घुसली. "थांबा! अरे, थांबा!" कुणी ऐकलं नाही. एक बांबू तिच्या मानेजवळ बसला आणि आतलं हाड काटकन मोडलं. डावा हात लोंबकळला. उजव्या हातात उस्तादाची हातोडी होती, कधी उचलली तिला आठवत नाही. तिनं ती मुकादमाच्या मनगटावर घातली. सळई खाली पडली, मुकादम बोंबलत बसकण मारून बसला. तेव्हा बाकीचे थबकले.

"पुढं याल तर डोक्यात घालीन," ती म्हणाली.

मग तिनं तांबड्याच्या रक्ताळलेल्या कुशीला आपली पाठ टेकवली. तो थरथरत होता. त्याला तसंच चिकटून ती मागे सरकली, एका हातानं पाय उचलून गुडघ्यांत धरला आणि पक्कडीनं तो खिळा ओढला. खिळ्यामागून काळपट, कुजका पू चिळकांडीसारखा उडाला. वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"बघा," ती म्हणाली. "घोडं इथं पेंड खातंय."

कुणी हसलं नाही. मुकादम मनगट दाबून विचारू लागला, "कुणी ठोकला हा?"

"उस्तादांनी. पाय मी धरला होता. आवाज मी ऐकला होता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

तिनं ओठ वर करून दातांची खिंड दाखवली. मुकादमानं मान खाली घातली. तो दात पडला तेव्हा तो तिथंच उभा होता.

मालक तांबड्याला गोळी घालायला निघाले होते. घोड्यांच्या डॉक्टरनं खुरातली घाण पाहिली आणि म्हणाला, "याच्या जागी मी असतो तर मीही लाथ मारली असती." तांबडा वाचला. एका डोळ्यानं आंधळा झाला, पण पुढं बरीच वर्षं गाडी ओढत राहिला.

उस्तादाची बायको हत्यारं न्यायला आली तेव्हा हिचा मोडका हात अजून गळ्यात बांधलेला होता. म्हातारी पांढऱ्या केसांची, सडपातळ. दोघी भट्टीपाशी बसल्या.

"तुला मारायचा?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

म्हातारीनं आपला डावा हात पुढं केला. दोन बोटं मोडून वाकडीच जुळली होती. "जेवणात मीठ कमी होतं," ती म्हणाली. मग बोटं पदराखाली घेत, "काम चांगलं शिकवलं का पण?"

"फार चांगलं."

"हां. मला म्हणायचा, बाईनं कान घेतलाय माझा. असं कुणाबद्दल म्हणायचा नाही." तिनं डोळे पुसले, की कोळशाची राख पुसली, सांगता येत नाही. उठताना हत्यारांची पेटी पायानं हिच्याकडे सरकवली. "तूच ठेव. माझ्या घरात ही हातोडी नको."

हाड जुळलं तशी ती पागेची नालबंद झाली. मनगट बांधलेल्या मुकादमानंच मालकांकडे तिचं नाव घेतलं. का घेतलं हे तो कधी बोलला नाही. तिच्या हाताखाली त्यानं गाडीखान्यातला एक दांडगा गडी दिला. सगळे त्याला पैलवान म्हणत. तिच्या दुप्पट आडवा, पण घोड्याला भ्यायचा. हातभर लांब उभा राहायचा. तिनं समजावून सांगितलं, एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा त्याला घोड्यानं लोळवलं तेव्हा तिचा हात उठला. हातोडीचा दांडा त्याच्या मांडीवर सणकन बसला आणि तिच्या तोंडातून शब्द निघाले, "आता दोन्हीकडे सारखं दुखेल!"

पैलवान मांडी चोळत नुसता बघत राहिला. एवढा मोठा माणूस, डोळ्यांत पाणी.

त्या दिवशी ती घरी जेवली नाही. नवऱ्याला म्हणाली, "मला वाटलं मी त्याच्याकडून नाल ठोकायला शिकले."

नवरा म्हणाला, "त्याच्याकडे एवढंच होतं का शिकवायला? जे होतं ते सगळं आलं तुझ्याकडे." मग तिच्या ताटावर झाकण ठेवत म्हणाला, "तासून काढ. खूर तासतेस तसं."

तासून काढणं सोपं नव्हतं. हात नंतरही कितीदा तरी उठायचा. मग ती तो भात्याच्या दांडीवर आपटायची. भट्टी उगाचच भडकायची आणि पैलवानाला कळायचं की आपलं काही तरी चुकलंय.

एकदा मुकादम आणि दोन गाडीवाले उभे असताना पैलवान घसा खाकरून म्हणाला, "उस्ताद, तुमचा हा खिळा मला तिरका वाटतो." तिलाही आता सगळे उस्तादच म्हणत.

गाडीवाले हसले. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पक्कड हातातच होती. तिची बोटं पक्कडीवर आवळली. मुकादमानं नकळत आपलं मनगट मागं घेतलं.

तिनं वाकून खिळा उपटला, उजेडात धरून पाहिला, मग पैलवानाच्या हातात दिला. खिळा चांगला सरळ होता, रक्ताचा थेंब नाही, ओल नाही.

"चुकलास," ती म्हणाली. "सरळ होता."

पैलवानाचा चेहरा पडला. "चुकलं, उस्ताद. परत नाही बोलणार."

"बोलला नाहीस तर हाकलून देईन. धर पाय. नवा खिळा दे. आणि जवळ ये, अजून जवळ. घोडा काय तुला खाणार आहे का?"

त्याच वेळी घोड्यानं मान वळवून पैलवानाच्या दंडाला कडकडून चावा घेतला.